डबाबंद भाजी आणि सुकवलेली फळे : पोषणमूल्यांचा ताळेबंद

परदेशातील मराठी घरात डबाबंद भाजी आणि सुकामेवा यांची प्रतिष्ठा अगदी दोन टोकांची असते. डब्यातील मटार, पालक किंवा टोमॅटो हा वेळेअभावी स्वीकारलेला नाइलाज समजला जातो आणि पाहुण्यांसमोर त्याचा उच्चारही होत नाही. खजूर, बेदाणे, अंजीर, जर्दाळू यांना मात्र दिवाळीच्या भेटीपासून बाळंतिणीच्या खुराकापर्यंत सर्वत्र मान आहे. रक्त कमी असल्यास मनुका, अशक्तपणास खजूर, बद्धकोष्ठास अंजीर, असे उपाय आजीच्या तोंडून ऐकलेले असतात आणि समुद्रापार येऊनही ते टिकून राहिले आहेत. अमेरिकी कृषी खात्याने प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या सारण्या समोर ठेवल्या, तर ही प्रतवारी बऱ्याच ठिकाणी ढासळते. काही ठिकाणी ती उलटीही होते.

प्रथम शब्दांची सीमा आखणे आवश्यक आहे. मराठीत 'सुकामेवा' म्हटले की बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड हेही त्यात येतात. पोषणाच्या दृष्टीने ही कठिण कवचाची फळे आहेत. त्यांत स्निग्धांश आणि प्रथिने भरपूर, शर्करा अल्प. सुकवलेल्या फळांचा वर्ग याहून सर्वस्वी निराळा आहे. बेदाणे, मनुका, खजूर, अंजीर, जर्दाळू आणि प्रून म्हणजे सुके आलुबुखार यांचाच येथे विचार केला आहे. डबाबंद भाज्यांत छोले, राजमा यांसारखी शिजवलेली कडधान्येही धरली आहेत, कारण अमेरिकी आहारमार्गदर्शिका त्यांची गणना भाज्यांतही करते.

डब्यात काय हरवते

अन्न हवाबंद करून उष्णतेने टिकवण्याची पद्धत निकोला अपेर या फ्रेंच मिठाईकाराने विकसित केली आणि १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. जंतूंमुळे अन्न नासते हे पाश्चरने सिद्ध करण्यास तेव्हा अर्धशतक अवकाश होता. तत्त्व आजही तेच आहे. भाजी स्वच्छ करून क्षणभर उकळत्या पाण्यातून काढली जाते, पाण्यासह डब्यात भरली जाते आणि डबा बंद केल्यावर दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापवला जातो. पाण्यात विरघळणारी आणि उष्णतेने मोडणारी जीवनसत्त्वे, विशेषतः क जीवनसत्त्व, थायमिन आणि फोलेट, या टप्प्यांवर घटतात. खनिजे उष्णतेने नष्ट होत नाहीत, परंतु त्यांतील काही भाग डब्यातील पाण्यात उतरतो. तंतुमय पदार्थ, प्रथिने आणि बीटा कॅरोटीनसारखी स्निग्धविद्राव्य द्रव्ये बहुतांशी टिकून राहतात.

१०० ग्रॅम कच्च्या मटारात क जीवनसत्त्व सुमारे ४० मिलिग्रॅम असते, तर डब्यातून काढून निथळलेल्या मटारात सुमारे १०. येथवर वाचून डबा बाजूला सारणे स्वाभाविक आहे. परंतु मटारउसळ कच्च्या मटारांची खाल्ली जात नाही. ताजे मटार घरी उकडून निथळले, तर त्यांतही क जीवनसत्त्व १४ मिलिग्रॅमच उरते. पालकाचे उदाहरण अधिक बोलके आहे. कच्च्या पालकात २८ मिलिग्रॅम, घरी उकडून निथळलेल्या पालकात सुमारे १० आणि डब्यातील निथळलेल्या पालकात सुमारे १४. फोलेटच्या बाबतीत मात्र डबा हरतो : कच्च्या पालकात १९४ मायक्रोग्रॅम, उकडलेल्यात १४६ आणि डब्यातल्यात ९८. पालकाच्या पातळ भाजीत शिजवण्याचे पाणी टाकून दिले जात नसल्याने हे नुकसान घरी आणखी कमी होते, हा आपल्या पद्धतीचा गुण येथे नोंदवण्याजोगा आहे.

'ताजी' या शब्दाचीही झडती घ्यायला हवी. हिवाळ्यात न्यू जर्सी किंवा शिकागोच्या दुकानात दिसणारा पालक बहुधा अ‍ॅरिझोनातील यूमा किंवा कॅलिफोर्नियाच्या शेतांतून देश ओलांडून आलेला असतो आणि त्यानंतर घरातील शीतकपाटातही त्याचे काही दिवस जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००७ मध्ये ताज्या, गोठवलेल्या आणि डबाबंद भाज्या-फळांवरील उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात चार अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवलेल्या भाज्यांतील क जीवनसत्त्वाची घट मटारात १५ टक्के, तर फरसबीत ७७ टक्क्यांपर्यंत आढळल्याची नोंद आहे. याउलट डब्याच्या कारखान्यात भाजी खुडल्यानंतर अल्पावधीत पोहोचते आणि एकदा डबा बंद झाला की पुढील कित्येक महिन्यांत होणारी घट फारच मंद असते. ज्यांना रोज भाजी आणणे शक्य आहे त्यांच्यासाठी ताजी भाजी सरसच आहे. आठवड्यातून एकदा बाजार करणाऱ्यांसाठी हा निवाडा तितका सरळ राहत नाही.

काही भाज्यांत डब्याने लाभच होतो. टोमॅटोतील लायकोपीन हे तांबडे द्रव्य उष्णतेने पेशीभित्तिका फुटल्यावर अधिक सहजतेने शोषले जाते. १९९७ मध्ये ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातील संशोधकांनी तेलासह दिलेला ताजा टोमॅटो आणि तेलासह दिलेली टोमॅटोची घट्ट लगदी यांची तुलना केली, तेव्हा लगदीतील लायकोपीन रक्तात लक्षणीय प्रमाणात अधिक पोहोचल्याचे आढळले. मुळातील प्रमाणही निराळे आहे : १०० ग्रॅम कच्च्या टोमॅटोत सुमारे अडीच मिलिग्रॅम, तर घट्ट लगदीत सुमारे २९ मिलिग्रॅम. फोडणीत परतलेली डब्यातील टोमॅटो लगदी ही या दृष्टीने उत्तम वस्तू आहे.

लाल भोपळ्याचेही असेच. १०० ग्रॅम कच्च्या भोपळ्यात अ जीवनसत्त्वाचे मूल्य ४२६ मायक्रोग्रॅम, तर डब्यातील भोपळ्याच्या गरात ७७८. गरासाठी घट्ट जातीचा भोपळा वापरतात आणि तो शिजवून आटवतात, हे त्याचे कारण. अर्ध्या कपात प्रौढ व्यक्तीची दिवसभराची गरज भागते. घारग्यांसाठी हा गर आणताना एक काळजी घ्यावी. शेजारच्याच फळीवर जवळपास तशाच दिसणाऱ्या डब्यात 'पम्पकिन पाय'चे मिश्रण असते आणि त्यात साखर व मसाला आधीच घातलेला असतो.

मिठाचा प्रश्न

डब्यावरील खरा आक्षेप हरवलेल्या जीवनसत्त्वांपेक्षा घातलेल्या मिठाबद्दल घेतला पाहिजे. कच्च्या मटारात १०० ग्रॅमला सोडियम जेमतेम ५ मिलिग्रॅम असते. मीठ घातलेल्या डब्यातील निथळलेल्या मटारात ते अडीचशे मिलिग्रॅमच्या पुढे जाते आणि डबाबंद छोल्यांतही साधारण तेवढेच असते. अमेरिकेत दिवसाची मर्यादा २,३०० मिलिग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने ती २,००० मिलिग्रॅमवर आणली आहे. लोणचे, पापड, चटणी आणि मेतकूट असलेल्या ताटात ही भर नगण्य नाही. त्यातही शिजवताना सवयीने मीठ पुन्हा घातले जाते, हा दोष डब्याच्या माथी मारता येत नाही.

डब्यातील पाणी काढून भाजी किंवा कडधान्य वाहत्या पाण्याखाली धुतले, तर सोडियम सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कमी होते. त्यासोबत विरघळलेली जीवनसत्त्वेही काही अंशी वाहून जातात. ही देवाणघेवाण टाळायची असल्यास 'नो सॉल्ट अ‍ॅडेड' असे लिहिलेला डबा घेणे आणि त्यातील पाणी रश्शात वापरणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग होय. 'लो सोडियम' या शब्दांना अमेरिकेत निश्चित अर्थ आहे : एका वाढपात १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. 'रिड्यूस्ड सोडियम' म्हणजे मात्र केवळ मूळ उत्पादनापेक्षा २५ टक्के कमी, आणि मूळच खारट असेल तर उरलेलेही पुष्कळ असते. ब्रिटनमधील वाचकांना वेष्टनावर सोडियमऐवजी मिठाचा आकडा दिसतो. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते.

सुकवण्याचे गणित

फळ सुकवताना त्यातून मुख्यतः पाणी जाते. द्राक्षात सुमारे ८१ टक्के पाणी असते, बेदाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास, आणि चार किलो द्राक्षांचा अंदाजे एक किलो बेदाणा होतो. या एकाच गुणोत्तराने सुक्या फळांविषयीचे बहुतेक दावे तपासता येतात. द्राक्षात पोटॅशियम १९१ मिलिग्रॅम, बेदाण्यात ७४९, म्हणजे जवळजवळ चौपट. खनिज जसेच्या तसे टिकले. क जीवनसत्त्व त्याच हिशेबाने १३ मिलिग्रॅम असायला हवे होते. प्रत्यक्षात ते दोनच्या थोडे वर आहे. जर्दाळूत हा फरक आणखी ठळक दिसतो. ताज्या जर्दाळूत क जीवनसत्त्व १० मिलिग्रॅम, सुक्यात अवघे एक. अ जीवनसत्त्वाचे मूल्य ताज्यात ९६ मायक्रोग्रॅम आणि सुक्यात १८० आहे, त्यामुळे वजनाला वजन लावून पाहणाऱ्यास ते जवळपास दुप्पट झालेले वाटते. वस्तुतः साडेचार ताज्या जर्दाळूंचा ऐवज एकात आलेला असताना मूल्य चारशेच्या पुढे असायला हवे. प्रत्येक फळामागे अर्ध्याहून अधिक कॅरोटीन हरवले आहे.

'१०० ग्रॅममध्ये इतके' या भाषेत सुक्या फळांची जाहिरात नेहमी चकचकीत दिसते ती याच कारणाने. पाणी उडाल्यामुळे प्रत्येक आकडा फुगतो. शर्करेचा आकडाही त्याच न्यायाने फुगतो, परंतु जाहिरातीत तो मागे राहतो. १०० ग्रॅम द्राक्षात शर्करा सुमारे १५ ग्रॅम, बेदाण्यात ६० च्या आसपास, मेडजूल खजुरात ६६, सुक्या अंजिरात ४८, प्रूनमध्ये ३८.

बेदाण्याचा रंग हा पोषणाचा पुरावा नव्हे, एवढी नोंद सांगलीकरांसाठी करायला हवी. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो परिसरात द्राक्षे उन्हात वाळवली जातात आणि तपकिरी होतात. तासगाव-सांगली पट्ट्यात ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतात, म्हणून हिरवट-सोनेरी राहतात. अमेरिकी 'गोल्डन' बेदाण्याला गंधकाच्या धुरीने रंग टिकवून यंत्रात सुकवलेले असते. शर्करा आणि खनिजे तिन्हींत जवळजवळ सारखीच असतात.

रक्तवाढीचा समज

या विषयात सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज लोहाचा आहे. हिमोग्लोबिन कमी असल्याचे कळल्यावर अनेक मराठी घरांत रात्री दहा-बारा मनुका भिजत घातल्या जातात आणि तपासणी पुढे ढकलली जाते. १०० ग्रॅम मनुकांत लोह २ मिलिग्रॅमहूनही किंचित कमी असते. दहा-बारा मोठ्या मनुकांचे वजन उदारपणे १५ ग्रॅम धरले, तरी त्यांतून मिळणारे लोह सुमारे ०.३ मिलिग्रॅम भरते. १९ ते ५० वयोगटातील स्त्रीची अमेरिकेत मान्य असलेली दैनंदिन गरज १८ मिलिग्रॅम आहे, तर गर्भवतीची २७. एका मेडजूल खजुरात लोह सुमारे ०.२ मिलिग्रॅम असते आणि त्यासोबत १६ ग्रॅम शर्करा येते. खजुरावर लोहाची गरज भागवू पाहणारी व्यक्ती लोहाआधी साखरेच्या मर्यादेला पोहोचेल.

त्याच वेळी अर्धा कप निथळलेल्या डबाबंद पालकात सुमारे अडीच मिलिग्रॅम आणि अर्धा कप छोल्यांत एक मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह असते. पालकातील लोह शरीरात कमी शोषले जाते, हे खरे. परंतु मनुकांतील लोहही वनस्पतिजन्यच आहे आणि त्याचे शोषणही मर्यादितच आहे. छोल्यांवर लिंबू पिळणे, जेवणासोबत चहा टाळणे हे उपाय शोषणाला मदत करतात. फोलेटच्या बाबतीत तर तुलनाच होत नाही : डबाबंद पालकात १०० ग्रॅमला ९८ मायक्रोग्रॅम, बेदाण्यात सुमारे ५. लोहाची कमतरता मात्र एकदा निर्माण झाली असेल, तर ती पालकाने वा मनुकांनी, कशानेही, आपोआप भरून येत नाही. फेरिटिनची तपासणी आणि वैद्यकीय सल्ल्याने घेतलेल्या गोळ्या हाच तेथे मार्ग आहे. कमतरतेचे कारण शोधणेही तितकेच आवश्यक असते.

किती आणि कोणी

तुलना १०० ग्रॅमची न करता वाढपाची केली म्हणजे चित्र व्यवहाराच्या जवळ येते. अमेरिकी आहारमार्गदर्शिका अर्धा कप सुकी फळे एक कप फळांइतकी धरते. बेदाण्यांचा अर्धा कप म्हणजे सुमारे २४० कॅलरी आणि जवळजवळ ५० ग्रॅम शर्करा. ब्रिटनमध्ये हेच वाढप ३० ग्रॅमचे मानतात, तर भाजीचे ८० ग्रॅमचे. दातांना चिकटणाऱ्या गोडव्यामुळे सुकी फळे मधल्या वेळी न देता जेवणासोबत द्यावीत, असे तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा सांगते. मुलांच्या डब्यात रोज बेदाण्याची लहान पेटी ठेवणाऱ्यांनी हा सल्ला मनावर घ्यायला हवा.

मधुमेहाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींना कमी वजनातही मधुमेह होतो, हे लक्षात घेऊन अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशीयांसाठी तपासणीचा शरीरभार निर्देशांक २५ ऐवजी २३ केला. खजूर, बेदाणे, जर्दाळू यांचा ग्लायसेमिक इंडेक्स बहुतेक चाचण्यांत कमी ते मध्यम येतो, आणि त्याचा आधार घेऊन ती 'मधुमेहींना चालतात' असे सर्रास सांगितले जाते. चालतात, पण किती? मधुमेहींच्या आहारगणनेत दोन टेबलचमचे बेदाणे म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदके. फरसबी किंवा पालकासारख्या भाजीचा शिजवलेला अर्धा कप केवळ ५ ग्रॅमचा असतो, मग ती भाजी डब्यातील का असेना. एकादशीला दुधात वाटलेले चार मेडजूल खजूर ६४ ग्रॅम शर्करा देतात. साखरेने गोड केलेल्या सुक्या क्रॅनबेरी, अननसाच्या फोडी, आवळा कँडी आणि आंबापोळी यांचा वर्ग तर मिठाईचाच म्हटला पाहिजे. ताज्या क्रॅनबेरीत १०० ग्रॅमला शर्करा ४ ग्रॅम असते. गोड केलेल्या सुक्या क्रॅनबेरीत ती ६५ च्या पुढे जाते. वेष्टनावरील 'अ‍ॅडेड शुगर्स' ही ओळ येथे उपयोगी पडते.

सुक्या फळांचे खरे बलस्थान तंतुमय पदार्थांत आणि पोटॅशियममध्ये आहे. सुक्या अंजिरात १०० ग्रॅमला तंतू जवळजवळ १० ग्रॅम आणि कॅल्शियम १६० मिलिग्रॅमच्या आसपास असते. प्रूनमध्ये तंतूंच्या जोडीला सॉर्बिटॉल असल्याने त्यांचा पोट साफ होण्यास होणारा उपयोग युरोपीय संघाने अधिकृत आरोग्यदावा म्हणून मान्य केला आहे. अट दिवसाला १०० ग्रॅमची. रजोनिवृत्त स्त्रियांनी वर्षभर रोज ५० ग्रॅम प्रून खाल्ल्यास नितंबाच्या हाडांची घनता टिकून राहते, असे पेन स्टेट विद्यापीठाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. या अभ्यासाला प्रून उत्पादकांच्या मंडळाचे अर्थसाहाय्य होते, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी हेच पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. सुक्या जर्दाळूत ते १०० ग्रॅमला १,१०० मिलिग्रॅमच्या वर जाते. या रुग्णांच्या बाबतीत डब्याचा दोषच गुण होतो : गाजरातील ३२० मिलिग्रॅम पोटॅशियम डब्यात निथळल्यावर १८० च्या घरात येते, कारण उरलेले पाण्यात गेलेले असते. मात्र कमी सोडियमच्या काही उत्पादनांत मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. घटकांच्या यादीत ते नाव शोधूनच डबा घ्यावा. दम्याच्या रुग्णांनी नारिंगी जर्दाळू आणि सोनेरी बेदाणे यांच्यावरील 'सल्फाइट्स' हा शब्द पाहावा. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे दशलक्षात १० भाग किंवा त्याहून अधिक प्रमाण असल्यास तो छापणे बंधनकारक आहे. तुर्कस्तानातील मलात्या हा जगातील सुक्या जर्दाळूंचा प्रमुख प्रदेश आहे. तेथीलच तपकिरी, दिसायला ओबडधोबड जर्दाळू गंधकाविना वाळवलेले असतात.

डब्याच्या आतील लेप

डब्याच्या आतील लेपातून अन्नात उतरणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनाविषयीची शंका निराधार नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये पाच दिवस रोज डबाबंद सूप घेणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या मूत्रातील या रसायनाचे प्रमाण ताजे सूप घेतलेल्या काळापेक्षा दहा पटींहून अधिक आढळले. अमेरिकेतील अनेक उत्पादकांनी त्यानंतर लेप बदलले. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नसंपर्कातील वस्तूंत त्यावर बंदी घातली असून ती संक्रमणकाळ देऊन अमलात येत आहे. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची भूमिका मात्र सध्याचे प्रमाण सुरक्षित असल्याची आहे. ज्यांना ही जोखीम नको आहे, त्यांच्यासाठी काचेच्या बरणीतील टोमॅटो आणि कागदी खोक्यातील छोले आता बहुतेक मोठ्या दुकानांत मिळतात.

उघडलेल्या डब्यातील उरलेली भाजी काचेच्या भांड्यात काढून शीतकपाटात ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी; टोमॅटो आंबट असल्याने पाच ते सात दिवस टिकतो. शिवणीवर खोलवर चेपलेला, गळणारा किंवा फुगलेला डबा न उघडता टाकून द्यावा. बोट्युलिझमचे विष वासाला किंवा चवीला कळतेच असे नाही, त्यामुळे अशा डब्यातील भाजी चाखून पाहणेही धोक्याचे असते.